स्पॅनिशची उजळणी, मराठीच्या वाटेने

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस नुकताच ओसरला होता. लोणावळा स्थानकावर पुण्याच्या लोकलची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर पाठीवर मोठी पिशवी घेतलेली एक परदेशी बाई फोनवर बोलत होती. चार शब्द कानावर पडले आणि ओळखले, ही स्पॅनिश बोलते आहे. फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिले आणि मोडक्या इंग्रजीत विचारले, पुण्याची गाडी इथूनच सुटते का?

त्या वेळी मी मोबाइलवर स्पॅनिशचा सराव करू लागल्याला दोनशेहून जास्त दिवस झाले होते, तेही एक दिवस न चुकता. गाडी किती वाजता सुटते, कुठून सुटते, तिकीट कितीचे, ही वाक्ये डझनभर वेळा बरोबर सोडवली होती. तोंड उघडले, ‘एल त्रेन...’ एवढे म्हणालो आणि पुढचे क्रियापद येईना. शेवटी बोटाने फलाट दाखवला. ती हसून ‘ग्रासियास’ म्हणाली. त्यावर ‘दे नादा’ म्हणायचे असते, हेही मला गाडी सुटल्यावर आठवले.

रात्री घरी येऊन तोच धडा उघडला. पडद्यावर शब्दांचे तुकडे होते. दहा सेकंदांत ते ओळीने लावले. हिरवी खूण आली, गुणही मिळाले. मग स्थानकावर काय झाले होते? दोनशे दिवसांत मी नेमके काय शिकलो होतो? या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, करून पाहिले आणि इतरांचे पाहिले, ते या लेखात मांडतो आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. भाषाशास्त्राची ओळख ग्रंथालयांत आणि लोकलच्या प्रवासात झाली. तेव्हा हा तज्ज्ञाचा निवाडा नाही. एका प्रौढ विद्यार्थ्याचा तपास आहे.

मावळात स्पॅनिश कशाला?

हा प्रश्न मला घरातही विचारला गेला. त्याचे एक उत्तर कार्ल्याच्या चैत्यगृहात आहे. तिथल्या खांबांवरच्या ब्राह्मी लेखांत धेनुकाकटाहून आलेल्या यवन दात्यांचा उल्लेख येतो. घाटावरच्या या वाटेने परका माणूस दोन हजार वर्षांपासून येतो आहे, आणि त्याच्याशी कुणीतरी, कुठल्यातरी भाषेत बोललेच असणार. आजची कारणे वेगळी आहेत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. योग शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची ये-जा इथल्या लोकांना नवी नाही. शेजारच्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात गेस्टाम्पसारख्या स्पॅनिश कंपन्यांचे वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. आणि स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा, सुमारे पन्नास कोटी लोकांची मातृभाषा आहे.

दुसरे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. चिक्कीतला शेंगदाणा मूळ दक्षिण अमेरिकेतला. अर्जेंटिनात त्याला ‘मानी’ म्हणतात, मेक्सिकोत ‘काकावाते’. टोमॅटो हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून जगभर गेला. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिने गोवा-वसईच्या मार्गाने मराठीला शब्द दिले. त्यामुळे स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात ओळखीचे चेहरे भेटतात. पाव म्हणजे ‘पान’, मेज म्हणजे ‘मेसा’, चावी म्हणजे ‘यावे’, साबण म्हणजे ‘खाबोन’, घमेले म्हणजे ‘गामेया’, बिजागरी म्हणजे ‘बिसाग्रा’. आपण दर महिन्याला ज्याची वाट पाहतो त्या पगाराशी तर ‘पागार’, म्हणजे पैसे चुकते करणे, हे क्रियापदच जोडलेले आहे. त्याहून जुने नाते इंडो-युरोपीय कुळाचे. ‘दोस’ म्हणजे दोन, ‘सिएते’ म्हणजे सात, ‘नुएवे’ म्हणजे नऊ, ‘नुएवो’ म्हणजे नवा. आणि ‘तू’ म्हणजे तूच.

यंत्राने घेतलेली उजळणी

मी पुण्यातल्या एका प्राथमिक वर्गात नाव घातले. आठवड्यातून दोन दिवस वर्ग आणि उरलेल्या दिवशी घरी ऑनलाइन सराव, अशी रचना होती. आता बहुतेक ठिकाणी अशीच असते. या सरावाकडे आपण नव्या युगाची करामत म्हणून पाहतो, पण त्याच्या मुळाशी असलेल्या कल्पना जुन्या आहेत.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती वेळात किती विसरले जातात हे मोजले. त्याचा ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग त्याचा वेग मंदावतो, हे त्याने दाखवले. त्यावरून पुढे कल्पना निघाली की उजळणी एकदम न करता अंतराअंतराने करावी आणि ते अंतर वाढवत न्यावे. १९६७ साली पॉल पिम्सलर या भाषाशिक्षकाने असे वाढते अंतर शब्दपाठांतरासाठी सुचवले. १९७२ साली सेबास्टियन लाइटनर याने कप्प्यांचा डबा लोकप्रिय केला. शब्दाची चिठ्ठी पहिल्या कप्प्यात ठेवायची. उत्तर बरोबर आले की पुढच्या कप्प्यात टाकायची आणि जास्त दिवसांनी विचारायची. चुकले की परत पहिल्या कप्प्यात. पुढे संगणकाने हा डबा सांभाळायला सुरुवात केली. २००६ साली आलेल्या ‘आंकी’ या मोफत प्रणालीचे नाव जपानी आहे आणि त्याचा अर्थ आहे पाठांतर. आपल्या पंतोजींना ते नाव आवडले असते.

दुसरी कल्पना तत्काळ उत्तराची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ साली आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला. एक मूल गणित सोडवून पुढच्याची वाट पाहत होते, दुसरे अडून बसले होते, आणि आपले बरोबर की चूक हे कुणालाच लगेच कळत नव्हते. त्यातून त्याचे शिकवण्याचे यंत्र जन्मले. १९६० साली इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकावर शिकवण्याची प्रणाली सुरू झाली. २०१२ साली सर्वांसाठी खुले झालेले ‘ड्युओलिंगो’ हे त्याच घराण्यातले. त्याच्या दोन संस्थापकांपैकी लुईस फॉन आन हा ग्वाटेमालाचा, म्हणजे मुळात स्पॅनिशभाषक.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे परीक्षा हे केवळ मोजण्याचे साधन नाही. आठवण्याचा प्रयत्न करणे हेच शिकणे आहे.

ऑनलाइन सरावाचे खरे बळ या तीन गोष्टींत आहे: अंतराने उजळणी, लगेच उत्तर आणि आठवायला लावणे. वर्गातल्या एका शिक्षिकेला वीस जणांकडून क्रियापदांची साठ रूपे रोज म्हणवून घेता येत नाहीत. यंत्राला येतात आणि ते कंटाळत नाही. शब्दाचा उच्चार ऐकायचा तर ‘फोर्वो’वर मातृभाषकांचे आवाज आहेत; एकच शब्द स्पेनचा माणूस कसा म्हणतो आणि मेक्सिकोची बाई कशी, हे शेजारी शेजारी ऐकता येते. १९९१ साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूटो सेर्वान्तेस या संस्थेचे आभासी केंद्र १९९७ पासून आहे. स्पॅनिश राजअकादमीचा कोश घरबसल्या पाहता येतो. पवन मावळातल्या एखाद्या गावातून, जिथे स्पॅनिशचा एकही शिक्षक नाही, तिथून हे मिळते. ही लहान गोष्ट नाही.

ओळखणे आणि आठवणे

मग स्थानकावर माझे काय अडले? मी केलेल्या सरावात बहुतेक प्रश्न चार पर्यायांतून एक निवडण्याचे किंवा दिलेले शब्द ओळीने लावण्याचे होते. हे ओळखणे झाले. फलाटावर पर्याय नव्हते. तिथे आठवायचे होते, तेही दोन सेकंदांत आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून. लग्नात शंभर चेहरे ओळखीचे वाटतात, पण नावे दहाच आठवतात, तसेच हे.

कॅनडात इंग्रजीभाषक मुलांना शाळेत सर्व विषय फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग झाला. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून मुलांची समज उत्तम झाली, पण बोलण्या-लिहिण्यातले व्याकरण कच्चेच राहिले. त्यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली मांडले की केवळ ऐकून-वाचून भागत नाही. स्वतः वाक्य घडवताना माणसाला आपल्याला काय येत नाही ते कळते. माझ्या दोनशे दिवसांनी मला हे कळूच दिले नव्हते, कारण काय येत नाही ते झाकण्याची सोय पडद्यावर होती. शिवाय दिवसांची साखळी तुटू नये म्हणून मी रात्री अकराला सोपा धडा उरकत असे. साखळी शाबूत राहिली, शिकणे थांबले. त्यात दोष यंत्राइतकाच माझाही होता.

उच्चाराचेही तसेच. स्पॅनिशमध्ये ‘पेरो’ म्हणजे पण आणि र घोळवून म्हटलेला ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. एका ॲपने माझा साधा ‘पेरो’ दोन्ही जागी बरोबर धरला. वर्गातल्या बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी थांबवले. आणखी एक चूक तर आपली खास आहे. इंग्रजी शाळेने रोमन लिपीतला टी पाहिला की ट म्हणायची सवय लावली, म्हणून मराठी मुले ‘तू’ला ‘टू’ म्हणतात. खरे तर स्पॅनिशचा त हा आपला दंत्य त आहे, द आपल्या द च्या जवळचा आहे, प आणि क मध्ये ह मिसळत नाही. इंग्रजी माणसाला जे महिनोन् महिने घोटावे लागते ते आपल्या तोंडात जन्मापासून आहे. हे सांगायला कुणीतरी हवे. ‘इंग्रजीतल्या अमुक शब्दासारखा उच्चार करा’ असे सांगणारी सूचना नेमके उलटे सांगते.

‘यू’ची अडचण

इथे मला एका मुलीविषयी सांगायचे आहे. ती माझ्याच वर्गात होती आणि कामशेतला चढायची. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, नंतर वाणिज्य पदवी, घरात पासपोर्ट काढलेली पहिलीच. चाकणच्या कारखान्यात कार्यालयीन काम मिळावे म्हणून तिने फी भरली होती. वर्गात ती आमच्यात सर्वांत पुढे असे. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर आधी तिचे. पण ऑनलाइन स्वाध्यायात तिचे गुण सारखे कमी येत, आणि त्या गुणांना अंतिम निकालात वजन होते.

एकदा लोकलमध्ये तिने मोबाइल पुढे केला. ‘काका, बघा ना, हे का चुकलं?’ इंग्रजीत वाक्य होते, तुम्ही थकला आहात अशा अर्थाचे. तिने लिहिले होते ‘एस्तास कान्सादा’, म्हणजे तू थकली आहेस. यंत्राला हवे होते ‘उस्तेद एस्ता कान्सादो’, म्हणजे आपण थकला आहात, पुरुषाला उद्देशून. तिचे स्पॅनिश निर्दोष होते. पण इंग्रजी ‘यू’ला एकवचन-अनेकवचन नाही, आदर नाही, लिंग नाही. स्पॅनिशला हे सगळे आहे. प्रश्न करणाऱ्याने एकच उत्तर भरून ठेवले होते. चांगल्या रचलेल्या स्वाध्यायात सर्व शक्य उत्तरे स्वीकारतात. इथे ते केलेले नव्हते.

मी तिचे पुढचे स्वाध्याय पाहिले. चुकांपैकी बऱ्याच चुका स्पॅनिशच्या नव्हत्याच. कुठे इंग्रजी वाक्य दोन अर्थांचे, कुठे इंग्रजी शब्दच तिला अपरिचित. तिला एका परक्या भाषेची परीक्षा दुसऱ्या परक्या भाषेतून द्यावी लागत होती. मी तिला म्हटले, बाईंशी बोल. ती म्हणाली, ‘इंग्रजी कच्चं आहे असं कसं सांगू?’ दुसऱ्या सत्राला ती आली नाही. तिच्याऐवजी मी बोलायला हवे होते, हे मला तेव्हा सुचले नाही.

मराठीची वाट

त्यानंतर मी वहीत दोन रकाने आखले, स्पॅनिश आणि मराठी, आणि मधली इंग्रजी काढून टाकली. जे दिसले त्याने मी थक्क झालो.

‘मे गुस्ता एल ते’ हे वाक्य प्रत्येक प्राथमिक पुस्तकात अडचणीचे म्हणून दिलेले असते. चहा मला रुचतो अशी उलटी रचना समजावायला इंग्रजीत पानभर मजकूर लागतो. मराठीत ते सरळ आहे: मला चहा आवडतो. आंबे अनेक असले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते, दोन्हीकडे. ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणजे माझे डोके दुखते. डोके हाच कर्ता. ‘से मे काय्यो एल वासो’ म्हणजे पेला माझ्या हातून पडला. मी पाडला असे नव्हे. दोष अंगावर न घेण्याची सोय दोन्ही भाषांनी सारखीच केली आहे.

भूतकाळाचे दोन प्रकार ही आणखी एक प्रसिद्ध अडचण. ‘फुई’ आणि ‘इबा’ या दोन्हींसाठी इंग्रजीत पुष्कळदा एकच रूप वापरतात. मराठीत पहिले ‘गेलो’ आणि दुसरे ‘जात असे’ किंवा जुन्या वळणाने ‘जाई’. मी रोज शाळेत जाई, एके दिवशी गेलो नाही: हा फरक आपल्या आजीच्या गोष्टींत आहे. आदरार्थी ‘उस्तेद’ हे रूप ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आले, म्हणून त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी. समोर बसलेल्यालाच ‘रावसाहेब कधी आले?’ असे विचारणाऱ्या मराठी माणसाला ते लगेच उमगते.

मराठीची वाट सगळीकडे सरळ आहे असे मात्र नाही. आपल्याकडे ‘एल’ आणि ‘ला’सारखी उपपदे नाहीत, म्हणून आपण ती गाळतो. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन्ही क्रियापदांना आपण ‘आहे’ म्हणतो. आपल्याला नपुंसकलिंग आहे, स्पॅनिश नामांना नाही. आपले मेज नपुंसक, त्यांची मेसा स्त्रीलिंगी. आपली बादली स्त्रीलिंगी, त्यांचा ‘बाल्दे’ पुल्लिंगी. ब आणि व आपण वेगळे म्हणतो, ते एकच म्हणतात. ‘मी आंबा खाल्ला’ म्हणताना आपले क्रियापद आंब्याकडे पाहते, त्यांचे खाणाऱ्याकडे. म्हणजे मराठी विद्यार्थ्याच्या चुका इंग्रजी विद्यार्थ्याच्या चुकांहून वेगळ्या आहेत, आणि त्याला सरावही वेगळा हवा. इंग्रजीवरून बेतलेला सराव त्याला येते तेच घोटायला लावतो आणि येत नाही ते सोडून देतो.

हे काम आपल्याला नवे नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य द्यायचे, इंग्रजी करून मागायचे आणि पायरीपायरीने चढवायचे, हे तिचे तंत्र. आज ज्याला स्वाध्यायसंच म्हणतात तो हाच. फक्त पडदा नव्हता.

रविवारची बैठक

गेले वर्षभर आम्ही पाच जण रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर बसतो: पर्यटकांना राहायला खोल्या देणाऱ्या एक ताई, एक टॅक्सीचालक, दोन महाविद्यालयीन मुले आणि मी. आंकीमध्ये मी मराठी वाक्यांच्या चिठ्ठ्या भरल्या आहेत. नियम साधे आहेत. पर्याय नाहीत, मराठी वाक्य वाचून स्पॅनिश आधी मोठ्याने म्हणायचे, मगच चिठ्ठी उलटायची. सराव रोज वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. सोपे झालेले सोडून द्यायचे. रविवारी प्रत्येकाने आपल्या तीन चुका घेऊन यायच्या, गुण नव्हे. ज्यांच्या गावात नेटवर्क धड नाही ते इथे येऊन चिठ्ठ्या उतरवून घेतात. पुढे नेट लागत नाही.

वाक्ये आम्हीच ठरवतो. ताईंना हवे होते ‘आग्वा कालिएन्ते’, म्हणजे गरम पाणी, आणि ‘नो पिका’, म्हणजे तिखट नाही. चालकाला हवे होते डावे-उजवे आणि पाऊस. तयार धड्यांत सफरचंद आणि विमानतळ असतात. आमच्यात शेंगदाणा आणि घाट आहेत. तयार साधनेही आम्ही टाकून दिलेली नाहीत. क्रियापदांची रूपे घोटायला ‘कोंखुगेमोस’, उच्चाराला फोर्वो. यंत्राने घोटून घ्यावे, माणसाने बोलून घ्यावे, एवढी वाटणी केली की दोघांचाही राग येत नाही.

याने सगळ्यांना स्पॅनिश आले असा माझा दावा नाही. मुलांपैकी एकाचे लक्ष परीक्षा जवळ आली की उडते. पण ताईंकडे गेल्या हिवाळ्यात दोन पाहुण्या आल्या आणि जेवताना ताईंनी ‘नो पिका’ म्हणून भाजी वाढली, तेव्हा त्यांना पर्याय कुणी दिले नव्हते.

भाषा शिकवणाऱ्या संस्थांना माझी एवढीच विनंती आहे की ऑनलाइन सराव जरूर ठेवा, पण त्याचे गुण निकालात धरण्यापूर्वी प्रश्न कोणत्या भाषेतून विचारला आहे ते एकदा तपासा. चुकलेले उत्तर स्पॅनिशचे आहे की इंग्रजीचे, हे यंत्र सांगत नाही. शिक्षकाने ते मूल शेजारी बसवून पाहावे लागते.

कामशेत आले की मी अजूनही डब्याच्या दाराकडे पाहतो. ती मुलगी भेटली तर चिठ्ठ्यांचा हा संच तिला द्यायचा आहे. त्यातली पहिलीच चिठ्ठी तिची आहे: ‘तू थकली आहेस.’ मागच्या बाजूला तिचेच उत्तर लिहिले आहे, आणि ते बरोबर आहे.